ओपनएलडॅप सोर्सवरून बसवलं, ‘मेक इन्स्टॉल’ही झालं, तरी सर्व्हर लगेच बंद का पडतो? पॅकेजच घ्यायला हवं होतं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्या मशिनवर एकच लॉगिन चालावा म्हणून उबुंटूवर ओपनएलडॅप 2.6 (सगळ्यांची लॉगिन-माहिती एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) सोर्स कोडवरून बिल्ड केलं, पण स्लॅपडी (त्याचा सर्व्हर प्रोग्राम) सुरू होतो न होतो तोच बंद पडतो, आणि स्क्रीनवर एक ओळही दिसत नाही. मी पुण्यातच सिस्टीम अ‍ॅडमिनचं काम करतो आणि हे सॉफ्टवेअर रोज हाताळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओळ दिसत नाही, कारण स्लॅपडी नुसता चालवला की बॅकग्राउंडला जातो आणि जे सांगायचं ते सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींच्या फाइलीत, लिहितो. त्याला ‘-डी 1’ जोडून चालवा. मग तो समोरच राहतो आणि कुठे अडला ते शेवटच्या चार-पाच ओळींत सांगतो. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा की अडचण फाइलींच्या मालकीची आहे. तुम्ही स्लॅपअ‍ॅड (माहिती भरणारी कमांड) सुडो लावून चालवलं असणार, त्यामुळे ‘स्लॅपडी.डी’ या कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली रूटच्या झाल्या. सर्व्हर मात्र ‘-यू’ देऊन साध्या युजरच्या नावाने चालवताय. तो रूट म्हणून उठतो, 389 हा एलडॅपचा ठरलेला पोर्ट धरतो, मग अधिकार सोडतो, आणि त्यानंतर त्याला स्वतःचंच कॉन्फिगरेशन वाचता येत नाही. कॉन्फिगरेशनचा आणि डेटाचा, दोन्ही फोल्डर ‘चोन -आर’ने त्या युजरच्या नावावर करा. डेटाच्या फोल्डरला 700 परमिशन द्या. उबुंटूचं तयार पॅकेज बसवताना हा युजर आपोआप तयार होतो. सोर्सवरून बसवताना तो आपणच तयार करायचा असतो आणि नेमकं हेच राहून जातं.

389 पोर्ट आधीच कुणीतरी धरलाय असं दिसलं, तर उबुंटूचा स्वतःचा स्लॅपडी मागे चालू आहे का ते बघा.

आता बिल्डबद्दल. कॉन्फिगर, मेक डिपेंड, मेक, मेक टेस्ट, मेक इन्स्टॉल हा क्रम सगळ्यांना पाठ असतो, पण ‘मेक टेस्ट’ वेळ खातं म्हणून लोक गाळतात. कृपा करून गाळू नका. त्यात खरेखुरे सर्व्हर उभे करून शोध, बदल, रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची प्रत ठेवणं) असं सगळं तपासलं जातं. लायब्ररीत काही गडबड असेल तर ती तिथेच कळलेली बरी, परीक्षेच्या सकाळी नको. आणि कॉन्फिगर करताना ‘प्रिफिक्स’ देऊन सगळं ऑप्टखाली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर ते यूएसआर लोकलमध्ये जातं, सिस्टीमची एलडॅप लायब्ररी आणि तुमची लायब्ररी शेजारी-शेजारी येतात, आणि कोणता प्रोग्राम कोणती उचलतोय हे ‘एलडीडी’ ही लायब्ररी दाखवणारी कमांड लावल्याशिवाय समजत नाही. टीएलएस (नेटवर्कवरचा डेटा गुप्त ठेवणारी सोय) आणि मॉड्यूल्सचे पर्यायही स्पष्ट लिहा. ओपनएसएसएलच्या डेव्ह फाइली नसतील आणि टीएलएसचा पर्याय दिलेला नसेल, तर कॉन्फिगर टीएलएसशिवाय पुढे जाऊ शकतं. मग विद्यार्थ्यांचे पासवर्ड नेटवर्कवर उघडे फिरतील.

पुढची ठेच आत्ताच सांगून ठेवतो. ओपनएलडॅप 2.5 पासून जुने बीडीबी आणि एचडीबी बॅकएंड (डेटा साठवणारे भाग) काढून टाकलेत, त्यामुळे तुम्ही एमडीबीच वापरणार. त्यात कमाल आकार स्वतः लिहिला नाही, तर तो फक्त 10 एमबी धरला जातो. चार टेस्ट युजर मजेत बसतात. सगळ्या वर्षांची मुलं टाकायला घेतली की मध्येच ‘मॅप फुल’ येतं. सरळ 1 जीबी लिहा. तेवढी डिस्क लगेच भरत नाही, ती फक्त वरची मर्यादा असते. एमडीबीचा एक मोठा गुण म्हणजे तो चालू डेटावर लिहीत नाही, नवीन पानावर लिहितो. त्यामुळे गुरुवारी देखभालीसाठी लाईट गेली आणि यूपीएसही संपला, तरी डेटाबेस दुरुस्त करत बसावं लागत नाही. तरीही रोज रात्री स्लॅपकॅट कमांडने एलडिफ (सगळ्या डेटाची टेक्स्ट फाइल) काढून दुसऱ्या मशिनवर ठेवाच.

पॅकेजचं म्हणाल तर, उबुंटूवर खास कारण नसेल तर पॅकेजच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. सुरक्षेचे अपडेट आपोआप येतात. सोर्सवरून बसवलं की ती जबाबदारी तुमची होते: घोषणांच्या मेलिंग लिस्टवर नाव नोंदवायचं आणि नवीन आवृत्ती आली की पुन्हा बिल्ड करायचं. रेड हॅटवर गोष्ट वेगळी आहे. तिथे आवृत्ती 8 पासून रेड हॅट स्वतः ओपनएलडॅपचं सर्व्हर पॅकेज देत नाही, म्हणून लोक एकतर सोर्सकडे वळतात नाहीतर 389 डिरेक्टरी सर्व्हर या दुसऱ्या एलडॅप सर्व्हरकडे. पण तुमच्याकडे मुलांना हे आतून शिकवायचं असेल, तर टेस्ट मशिनवर सोर्सवरून जरूर बसवा. त्यासारखं शिक्षण नाही. फक्त ज्या मशिनवर लॅबचे लॉगिन अवलंबून आहेत, तिथे पॅकेज ठेवा.

आणि हो, नमुना कॉन्फिगरेशनमध्ये ओपनएलडॅपच्या मुख्य अ‍ॅडमिनचा (लिनक्सच्या रूटचा नव्हे) पासवर्ड ‘सीक्रेट’ असाच लिहिलेला असतो. तो आजच स्लॅपपासडब्ल्यूडीने बदला. मालकी बदलूनही सर्व्हर उठला नाही, तर ‘-डी 1’च्या शेवटच्या ओळी इथे टाका, मी बघतो.