शेवटच्या दोन आठवड्यांत पळायचं की लोळायचं?

प्रश्न: मॅडम, जानेवारीत मुंबईला माझी पहिली फुल मॅरेथॉन आहे. पावसाळ्यापासून आठवड्यातले पाच दिवस पळतेय, मोठ्यात मोठा आठवडा ६४ किलोमीटरचा झालाय आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ३२ चा लाँग रन आहे. त्यानंतर ग्रुपमधले सिनियर म्हणतात आता टेपर, आता कमी पळ. मला तेच जमत नाही. मागच्या वर्षी एका हाफ मॅरेथॉनच्या आधी असंच कमी केलं तर चार दिवसांत पाय जड, वजन किलोभर वाढलं, कधी न दुखलेली पोटरी दुखायला लागली, झोप गेली, शेवटी घाबरून गुरुवारी १८ किलोमीटर पळून आले आणि रविवारी रेस एकदम बेकार गेली. सासूबाई म्हणतात तू घरी बसलीस की तुझा चेहरा बघवत नाही. खरंच आराम करायलाच हवा का, आणि किती?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमची हाफ आरामामुळे नाही गेली, गुरुवारच्या त्या १८ मुळे गेली. रेसला तीन दिवस असताना एवढं पळालात तर त्याचा थकवा रविवारी पायात असणारच, आणि फायदा मात्र काहीच नाही, कारण एखादा मोठा वर्कआउट अंगी लागायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जातात. म्हणजे ३२ चा रन झाला की फुलची तयारी संपली असं धरून चाला. लोणचं घातलंय ना, मग आता मुरू द्या, रोज बरणी उघडून ढवळू नका.

पण टेपर म्हणजे पलंगावर पडून राहणं पण नाही, इथेच लोक घोळ घालतात. २००७ मध्ये टेपरवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले होते, पळणारे, पोहणारे, सायकलवाले सगळे त्यात होते, आणि सगळ्यात चांगला परिणाम दिसला तो दोन आठवडे एकूण अंतर ४१ ते ६० टक्के कमी करून पळायचे दिवस आणि स्पीड मात्र आहे तेच ठेवणाऱ्यांत. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं, दिवस बुडवायचे, उरलेल्या दिवशी कासवासारखं रखडायचं आणि मग रविवारी पाय उचलत नाहीत म्हणून रडायचं.

तर ३२ नंतरचा आठवडा पन्नासच्या आसपास, त्याच्या पुढचा चाळीसच्या आत, त्यात रविवारी १५-१६ बास. रेसच्या आठवड्यात सोमवार बंद. मंगळवारी ८, त्यातले मधले ३ रेसच्या पेसने, म्हणजे पायांना आठवण राहते. बुधवारी ५ आरामात, गुरुवारी ४. शुक्रवार पूर्ण बंद, आणि शनिवारी सकाळी ३ किलोमीटर हळू, शेवटी शंभर-शंभर मीटरच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे हळूहळू स्पीड वाढवत मारलेल्या छोट्या दौडी. पूर्ण सुट्टी रेसच्या आदल्या दिवशी न ठेवता त्याच्याही आदल्या दिवशी ठेवायची हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण आदल्या दिवशी थोडं हललं की अंग मोकळं राहतं आणि डोकंही. अर्थात शनिवारी प्रवास असेल तर तो रन सोडून द्या, काही बिघडत नाही.

शुक्रवार बंद म्हणजे खरंच बंद हां. बाहेरगावचे लोक शुक्रवारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला रेसच्या एक्स्पोला (प्रदर्शनाला) जातात आणि तिथे तीन तास उभे, हा स्टॉल, तो एनर्जी जेल, भिंतीवर आपलं नाव शोधून त्याच्यासोबत फोटो, मग मुंबईला आलोच आहोत तर दादरला साड्या बघू. संध्याकाळी घड्याळात वीस हजार पावलं. याला रेस्ट डे म्हणत नाहीत. बिब घ्या आणि निघा, आणि तिथले नवीन शूज कितीही स्वस्तात मिळाले तरी रविवारी घालू नका.

वजनाचं सांगते. पळणं कमी झालं, खाणं तेवढंच, की स्नायूंत ग्लायकोजन, म्हणजे कार्ब्जचा साठा, जमायला लागतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. म्हणजे किलोभर वाढलेलं वजन हे बहुतेक ४२ किलोमीटरचं इंधन आणि पाणी आहे, चरबी नाही. पाय जड वाटण्यात त्याचाही हात असतो. काटा दोन आठवडे माळ्यावर टाका.

पोटरीचं म्हणाल तर टेपरमध्ये ही असली दुखणी बऱ्याच जणांना होतात, आज घोटा, उद्या गुडघा, परवा काहीच नाही. रोज पळताना तिकडे लक्ष जात नाही, रिकामं बसलं की जातं. फक्त एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल आणि पळताना वाढत असेल तर मात्र फिजिओला दाखवा.

फिटनेस जाईल या भीतीवर मला कायम अमेरिकेची मॅरेथॉनपटू जोन बेनॉइट आठवते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक ट्रायल्सच्या १७ दिवस आधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी ती ट्रायल जिंकली आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला बायकांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही जिंकली, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदात. म्हणून कुणी ऑपरेशन करून घेऊ नका, पण दोन आठवडे अर्धं पळल्याने सहा महिन्यांची मेहनत वाहून जात नाही एवढं तरी लक्षात घ्या.

आता खाणं. मुंबईची रेस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांत तिच्या आसपासच येणार. तिळगूळ खा, गुळपोळी खा, पण भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी रेसच्या अगदी तोंडावर येत असेल तर त्या वर्षी चवीपुरतीच, पावटा-हरभऱ्याने रेसच्या रस्त्यातल्या पेडर रोडच्या चढावर काय होतं ते अनुभवायची गरज नाही. शेवटचे दीड-दोन दिवस वजनाच्या दर किलोला रोज १० ते १२ ग्रॅम कार्ब्ज घ्या असं सांगतात. ५५ किलोच्या बाईला हे दिवसाला कमीत कमी साडेपाचशे ग्रॅम झाले, वाटीभर भातात साधारण ४० धरले तर तेरा-चौदा वाट्या भात! कोण खाणार? म्हणून दिवसभर थोडं थोडं, पोहे, इडली, मऊ भात, केळी, बटाटा, लिंबू सरबत. साबुदाण्याची खिचडी चालते, पण दाण्याचं कूट आणि तूप निम्म्यावर आणा.

झोपेचं म्हणाल तर शनिवारी रात्री फार कुणाला लागत नाही आणि त्याने फार बिघडतही नाही. गुरुवार-शुक्रवारची झोप पूर्ण करा. आणि सासूबाईंना सांगा, चेहरा तीन आठवडे असाच राहणार आहे.

प्रश्न: मी दोन वर्षांपासून रोज पळतोय, एकही दिवस खंड नाही. रेसच्या आधी रेस्ट घेतला तर स्ट्रीक तुटेल. मधला मार्ग आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आहे ना. ब्रिटनचे रॉन हिल, १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकलेले, डिसेंबर १९६४ ते जानेवारी २०१७ रोज पळाले, ५२ वर्षं. पण त्यांचा नियम रोज किमान एक मैल एवढाच होता, म्हणजे १.६ किलोमीटर. तुम्हीही रेस्टच्या दिवशी तेवढंच पळा, तेही शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतकं हळू. पण खरं सांगू का, स्ट्रीकसाठी तुम्ही ताप किंवा लंगडत्या पायाने पळत असाल तर ती एकदा तोडाच. हिल यांनीही छातीत दुखायला लागल्यावर थांबवली.

प्रश्न: रविवारी दहा किलोमीटरची रेस, मंगळवारी १०२ ताप आला, आज गुरुवारी उतरलाय. पॅरासिटामॉल घेऊन पळालो तर चालेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. व्हायरल तापात आणि त्याच्यानंतर लगेच जोरात पळाल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, आणि गोळीने फक्त थर्मामीटरचा पारा खाली येतो, आजार जात नाही. त्यात पावसाळ्यानंतरचा ताप, अंग मोडून येत असेल तर आजच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात, आणि तोवर आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर मनाने घेऊ नका. टी-शर्ट मित्राकडून मागवून घ्या, पण तुमचा बिब त्याला लावून पळू देऊ नका, रस्त्यात त्याला काही झालं तर मेडिकल टीमच्या हातात नाव आणि ब्लडग्रुप तुमचा असेल.