प्रिंटरचा आयपी सारखा का बदलतो, आणि हाताने टाकला तर टक्कर का होते

प्रश्न थोडक्यात असा: प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) अधूनमधून बदलतो, म्हणून प्रिंटरमध्येच १९२.१६८.१.१०५ टाकून ठेवला; काही दिवसांनी लॅपटॉपवर ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’ (एकच पत्ता दोघांकडे) असा संदेश आला.

राउटर आयपी कायमचा देत नाही, मुदतीवर देतो. हे काम त्यातला डीएचसीपी सर्व्हर करतो. नव्या उपकरणाला स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून ते ०.०.०.० वरून २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच, हाक मारतं (डिस्कव्हर). राउटर पूलमधला (वाटायला ठेवलेल्या पत्त्यांमधला) मोकळा पत्ता पुढे करतो (ऑफर), उपकरण तो मागतं (रिक्वेस्ट), राउटर होकार देतो (अ‍ॅक). सोबत नेटवर्कची इतर माहिती (सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस) आणि लीजची, म्हणजे मुदतीवर दिलेल्या पत्त्याची, मुदत येते. मुदत २४ तासांची असेल तर साधारण १२ तासांनी उपकरण ती वाढवून मागतं. प्रिंटर दोन दिवस बंद राहिला तर मागणार कोण? लीज संपते आणि पत्ता दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

तुमचा पूल बहुधा (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते १९९ असणार, म्हणजे १०५ त्यातलाच. प्रिंटरमध्ये हाताने टाकलेल्या पत्त्याची राउटरकडे नोंदच नसते, म्हणून तोच पत्ता तो लॅपटॉपलाही देतो. काही राउटर पत्ता देण्याआधी पिंग करून (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते) पाहतात, पण त्या वेळी प्रिंटर बंद असेल तर पत्ता मोकळाच दिसतो.

माझ्या मते प्रिंटर पुन्हा ‘ऑटो’वर ठेवा आणि राउटरच्या डीएचसीपी पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्वेशन’मध्ये (कुठे ‘स्टॅटिक लीज’ म्हणतात) त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क हार्डवेअरचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी नोंदवा. मॅक प्रिंटरच्या नेटवर्क कॉन्फिगरेशनच्या छापील पानावर मिळतो. इथे हमखास चूक होते: वायफायचा मॅक वेगळा, केबलचा वेगळा. जोडणी ज्याने आहे त्याचाच घ्या. १०५ सध्या लॅपटॉपकडे आहे, तेव्हा दुसरा आकडा निवडा. मग प्रिंटर बंद-चालू करा. विंडोजमध्ये ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’मध्ये जुना आयपी राहिला असेल तर तोही बदला, नाहीतर प्रिंटर ‘ऑफलाइन’च दिसत राहील.

एवढं करूनही प्रिंटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, तर डीएचसीपीकडून उत्तरच पोचलेलं नाही. आधी केबल आणि वायफायचा पासवर्ड बघा. १९२.१६८.०.x आला, तर नेटवर्कवर दुसरा राउटरही पत्ते वाटतोय. त्याचा डीएचसीपी बंद करा.