पाएया रात्री मागवू नका

स्पेनला निघालेल्या आणि तिथून नुकत्याच परतलेल्या वाचकांचे हे प्रश्न. जवळपास सगळ्यांच्या तक्रारीचं मूळ एकच आहे : ‘स्पॅनिश जेवण’ असं काही एक असतं, अशी समजूत.

बार्सिलोनात रात्री साडेनऊला पाएया मागवला. वर कोळंबी, आत चोरिसोचे (डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजचे) तुकडे, भात पिवळाधमक आणि गिच्च. एवढं कौतुक कशाचं? (ठाणे)

तुम्ही शहर चुकलात आणि वेळही. पाएया वॅलेन्सियाचा. त्या शहराच्या दक्षिणेला अल्बुफेरा नावाचं सरोवर आहे आणि त्याच्या काठाला भातखाचरं. तिथल्या शेतावरच्या माणसांचं हे दुपारचं जेवण. अस्सल वॅलेन्सियन पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो आणि केशर असतं, कधी गोगलगायीही. किनाऱ्यावर मासळीचा करतात, तोही खोटा नाही. चोरिसो मात्र नाही म्हणजे नाहीच. २०१६ साली जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफने चोरिसो घातलेला पाएया ट्विटरवर टाकला, तेव्हा स्पॅनिश लोकांनी त्याला अक्षरशः धारेवर धरलं होतं.

पाएया हे मुळात त्या पसरट भांड्याचं नाव. त्यात तांदळाचा थर अगदी पातळ असतो. पाणी घातल्यावर भात ढवळत नाहीत, म्हणून तो मोकळा राहतो आणि तळाला खरवड धरते. तिला सोकार्रात म्हणतात आणि तिच्यासाठी घरात भांडणं होतात. (आपल्याकडे खरवडीवर हक्क सांगणारे कमी आहेत का?) रात्री भात जड पडतो म्हणून तिथली माणसं तो दुपारी दोन-अडीचला खातात. मागवल्यावर दहा मिनिटांत ताट पुढ्यात आलं, तर ते गोठवलेलं होतं असं खुशाल समजा.

आई-बाबा सोबत आहेत. अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. माद्रिद, सेविया, ग्रानादा असा दौरा आहे. नुसत्या ब्रेडवर राहावं लागेल का? (पुणे)

नाही, पण ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढंच म्हणून थांबू नका. बऱ्याच वेटरच्या हिशेबात हामोन, म्हणजे मुरवलेलं डुकराचं मांस, ‘कार्ने’त धरत नाहीत, ट्यूना तर नाहीच नाही. म्हणून नावं घेऊन सांगा : ‘सिन हामोन, सिन आतून, सिन पेस्कादो’, म्हणजे हामोन नको, ट्यूना नको, मासे नकोत. मसुराच्या आमटीत चोरिसो असतो, मिश्र सॅलडवर ट्यूना.

सेवियात पालक आणि काबुली चण्यांची ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागवा. त्यात लसूण आणि जिरं असतं. आईंना परकं वाटणार नाही. गास्पाचो म्हणजे कच्च्या टोमॅटोचं गार सार म्हणा हवं तर. त्याचा दाट भाऊ कोर्दोबाचा साल्मोरेहो; त्यावर हामोन भुरभुरवतात, तेवढं नको म्हणून सांगायचं. मालागाचं आहोब्लांको मला या सगळ्यांत सरस वाटतं : बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं पांढरंशुभ्र गार सार, वर द्राक्षं.

आणि अंदालुसियात, म्हणजे सेविया-ग्रानादाच्या त्या दक्षिण प्रांतात, ‘बेरेन्हेनास कोन मिएल’ दिसलं की सोडू नका. नावात मध आहे, पण खरं तर ती उसाची काकवी. वांग्याचे कुरकुरीत काप आणि वर काकवी! ती आजही मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात तयार होते. फक्त कापांच्याच तेलात मासे तळलेत का, ते आधी विचारा.

अडीनडीला तोर्तिया आहेच : अंडी-बटाट्याचं जाड ऑम्लेट, मेक्सिकोच्या पोळीशी काही संबंध नाही. ग्रानादात पेयाबरोबर छोटी बशी फुकट येते, पण त्यात काय असेल ते बारवाला ठरवतो. पेय सांगतानाच आपली अट सांगून टाका. पारंपरिक मान्चेगो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या विरजणाने विरजतात. कडक पाळणाऱ्यांनी ते टाळावं.

आमचे हे घेतात, मी घेत नाही. अस्तुरियास आणि वॅलेन्सियात काय प्यावं? (नागपूर)

त्यांच्यासाठी उत्तरेकडच्या अस्तुरियासची सिद्रा, म्हणजे सफरचंदाची आंबट दारू. वेटर बाटली डोक्यावर धरतो आणि कमरेखालच्या ग्लासात धार सोडतो. दिखावा वाटेल, पण नैसर्गिक सिद्रेला फेस नसतो. ती काचेवर आपटल्यावर क्षणभर जिवंत होते. म्हणून दोन-चार घोटच ओततात आणि ते लगेच, एका दमात प्यायचे. तळाचा थेंबभर ओठ लागलेल्या कडेवरून सांडायचा, कारण ग्लास पूर्वापार सगळ्यांत एकच फिरायचा. २०२४ साली युनेस्कोने या सिद्रा-संस्कृतीला वारसा यादीत घेतलं. गप्पा मारत घुटके घेणाऱ्यांचं इथे काम नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्यासाठी वॅलेन्सियाची ओर्चाता. दिसते दुधासारखी, पण दुधाचा थेंब नाही. चुफा नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून करतात. ही वनस्पती आपल्या नागरमोथ्याच्या कुळातली. शहराला लागून असलेल्या अल्बोराया गावात जा आणि सोबत फार्तोन हा लांबट गोड पाव घ्या, खारी चहात बुडवतो तसा बुडवून खायला.

सांग्रिया कुठली चांगली? (मुंबई)

सांग्रिया म्हणजे फळं घातलेली गोड वाइन, पण तिथले लोक उन्हाळ्यात बहुधा ‘तिंतो दे वेरानो’ मागतात : रेड वाइन, लिंबाचा सोडा, बर्फ. स्वस्त आणि कमी गोड. मीही तेच मागतो.

मुलांना साडेसातलाच भूक लागते. हॉटेलं बंद! काय करायचं? (दुबई)

स्वयंपाकघरं साडेआठ-नऊच्या आधी क्वचितच सुरू होतात. दुपारीच पोटभर जेवा. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दीआ’ विचारा : दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं एका ठरलेल्या किमतीत. सहाच्या सुमारास मुलांना चुर्रो (पिठाच्या तळलेल्या कांड्या) आणि दाट चॉकलेट द्या. तरी रडलीच, तर कोपऱ्यावरच्या बारमध्ये जा, काउंटरवर तोर्तिया झाकून ठेवलेली असते. मुलांना घेऊन बारमध्ये शिरायला तिथे कोणी संकोचत नाही.