लाराची ‘प्रेरणा’, लाराचा ‘हेतू’ की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: ‘टूम रेडर’ या व्हिडिओ गेमच्या २०१३ सालच्या रीबूटवर, म्हणजे नव्याने सुरू केलेल्या कथेवर, मराठीत लेख लिहिताना त्याच्या नायिकेबद्दल “लारा क्रॉफ्टची प्रेरणा पटत नाही” असं वाक्य लिहिलं. मित्राने ते खोडून “लाराचा हेतू पटत नाही” असं केलं. ‘मोटिव्हेशन’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

दोघांचीही बाजू थोडी बरोबर आहे, पण माझ्या मते दोन्ही वाक्यांनी तुमचा मुद्दा वाचकापर्यंत पोचत नाही.

आधी ‘प्रेरणा’. समीक्षेत “पात्राच्या कृतीमागच्या प्रेरणा” असा वापर रुळलेला आहे, तेव्हा शब्द चुकीचा नाही. ‘प्र’ आणि ‘ईर्’ म्हणजे पुढे ढकलणं, हालवणं. मागून बसणारा रेटा हा त्याचा मूळ अर्थ. पण रोजच्या मराठीत प्रेरणा ‘घेतात’ किंवा ती कुणापासून ‘मिळते’, आणि ती नेहमी चांगल्याच गोष्टीची असते. “लाराची प्रेरणा” म्हटल्यावर निम्म्या वाचकांना वाटेल की हे पात्र कुणावरून सुचलं ते तुम्ही सांगताय. त्या प्रश्नाला वेगळं उत्तर आहे. १९९६च्या मूळ खेळासाठी टोबी गार्डने लारा रेखाटली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गायिका नेने चेरी होती. तुम्हाला ते सांगायचं नाही.

‘हेतू’ची अडचण उलट आहे. गंमत म्हणजे याचाही धातू ‘हि’, म्हणजे पुन्हा ढकलणं, धाडणंच. संस्कृत साहित्यशास्त्रात काव्यहेतू म्हणजे काव्य ज्यातून निपजतं ते, प्रतिभा, व्युत्पत्ती, अभ्यास; आणि काव्यप्रयोजन म्हणजे ते ज्यासाठी लिहायचं ते, यश, पैसा, आनंद. म्हणजे तिथे हेतू मागे उभा आहे आणि प्रयोजन पुढे. मराठीत येता येता हेतू मागून पुढे सरकला. आज “तुझा हेतू काय आहे?” हे वाक्य आपण संशय आल्यावरच बोलतो. खुनामागचा हेतू शोधतात, हेतुपुरस्सर अपमान करतात. (जाता जाता, सुटा शब्द ‘हेतू’ दीर्घ, समासात ‘हेतु’ ऱ्हस्व.) हेतू ठरवलेला असतो, मनात आखलेला असतो. २०१३च्या खेळात यामाताई बेटावर अनेक वर्षं अडकलेला मथायस लाराच्या मैत्रिणीला, सॅमला, पळवतो, तिच्या देहात प्राचीन हिमिको राणीचा आत्मा घालून बेटाभोवतीची वादळं थांबवावीत आणि सुटावं म्हणून. तो हेतू. मोहिमेवर आलेल्या डॉक्टर व्हिटमनला नाव कमवायचंय, त्याचाही हेतूच. पण जहाज फुटून किनाऱ्यावर फेकल्या गेलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीचा हेतू कसला?

मग शब्द कोणता? मला वाटतं आपण नाम शोधतोय हीच वाट चुकीची आहे. इंग्रजीला एक नाम लागतं म्हणून आपणही नामामागे लागतो. मराठीने हे काम शब्दयोगी अव्ययांवर सोपवलंय, आणि ती इतकी बारीक भेद करतात की एकदा लक्षात आलं की नामाची गरजच पडत नाही. साठी, मुळे, खातर, पोटी, पायी. हे पाच हाताशी असू द्या आणि लाराचे खेळ पुन्हा आठवा.

१९९६मध्ये कोअर डिझाइन या कंपनीच्या पहिल्या खेळात खलनायिका नॅटला तिला पैशाची लालूच दाखवते तेव्हा लारा सांगते की आपण हे फक्त खेळ म्हणून करतो. मराठीत याला एकच शब्द आहे: हौसेखातर. ‘खातर’मध्ये मर्जी राखणं आहे, मग ती दुसऱ्याची असो की स्वतःच्या मनाची. त्या लाराला आणखी कारण नव्हतं आणि कुणी मागितलंही नाही. २००६मध्ये क्रिस्टल डायनॅमिक्स या दुसऱ्या कंपनीने डाव पहिल्यांदा नव्याने मांडला तेव्हा हरवलेली आई आणली. आईसाठी. ‘साठी’ पुढे बघतं, गाठायचं ठिकाण दाखवतं. (‘रीबूट’ला मी ‘नव्याने मांडलेला डाव’ म्हणतो. ‘पुनरारंभ’ने थांबलेलं काम पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं. रीबूट तसाच ठेवलात तरी काही बिघडत नाही.)

आता २०१३. इथे माझं लक्ष ‘पोटी’ने वेधून घेतलं. पोटी आणि पायी ही दोन्ही शरीराच्या अवयवांची जुनी सप्तमी रूपं, घरी-दारी यांसारखी. पण ‘पोटी’ची एक अट आहे. या अर्थाने ते माणसाच्या नावाला लागत नाही, मनाच्या अवस्थेलाच लागतं. भीतीपोटी, द्वेषापोटी, मायेपोटी, गैरसमजापोटी. “सॅमसाठी” होतं, “सॅममुळे” होतं, “सॅमपोटी” होत नाही. म्हणजे ‘पोटी’ लिहायचं तर आधी त्या पात्राच्या पोटात काय आहे ते तुम्हाला ठाऊक हवं. पात्ररचनेची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

खेळाचा पहिला भाग या परीक्षेत उतरतो. लारा हरीण मारते ती भुकेपोटी, आणि त्याची माफी मागते. पहिला माणूस मारते ती भीतीपोटी. अंधारात तो तिला पकडतो, झटापटीत पिस्तूल हाती येतं, गोळी सुटते, ती कोसळून रडते. मग तिचा गुरू रॉथ याच्याशी बोलताना म्हणते की मला मारावं लागलं, दुसरा इलाज नव्हता, पण ते किती सोपं गेलं याचीच धास्ती वाटते. रियाना प्रॅचेटच्या लेखनातली ही जागा मला आजही अस्सल वाटते.

चाहत्यांचं भांडण याच्या पुढे सुरू होतं. एक पक्ष म्हणतो, एका रात्रीत ही मुलगी डझनावारी माणसं कशी मारू लागली? दुसरा म्हणतो, परिस्थितीने भाग पाडलं, शिवाय सॅमला सोडवायचं होतं. नीट ऐकलं तर दोघं वेगवेगळ्या अव्ययांत बोलताहेत. दुसरा पक्ष “सॅमसाठी” म्हणतो, आणि ते खरंच आहे, कथेत ते स्पष्ट सांगितलंय. पहिला पक्ष “कशापोटी?” असं विचारतोय. ‘साठी’ने ‘पोटी’चं उत्तर देता येत नाही. ध्येय कितीही मोठं दाखवलं तरी आत काय पेटलंय हे त्यातून कळत नाही.

सॅमबद्दलची माया दिसायला जागा तशी थोडीच मिळते. लारा तिला शेकोटीपाशी मथायसबरोबर पाहते, थकून डोळा लागतो, जाग येते तेव्हा सॅम गायब. बाकी मैत्री सॅमच्या कॅमेऱ्यातल्या जुन्या चित्रणातून कळते. ती चित्रणं मला आवडतात, पण तेवढ्यावर “मायेपोटी” लिहायला माझा हात धजावत नाही. तिथे सॅम निमित्त उरते. हाही आपलाच नेमका शब्द: कारण खोलवर असतं, निमित्त वरवर पुरतं.

त्यात खेळाडूला डोक्यात गोळी मारली की जास्त गुण मिळतात आणि त्यांतून मारायच्या नव्या हातोट्या उघडतात. कथा एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो, या विसंगतीला गेम डिझायनर क्लिंट हॉकिंगने २००७मध्ये ‘बायोशॉक’ या खेळावर लिहिताना ल्यूडोनॅरेटिव्ह डिसोनन्स असं नाव दिलं. ते नाव जड आहे, पण आपल्या व्याकरणात याची जागा तयार आहे: प्रयोजक क्रियापद. लारा मारत नाही, तिच्याकडून मारवून घेतलं जातं. हिंदीत याच क्रियापदाला ‘प्रेरणार्थक’ म्हणतात, म्हणजे तुमची प्रेरणा तिथे आहेच, फक्त ती पात्राची नसून करवून घेणाऱ्याची आहे. तुमच्या मनाला जे खटकलं ते हेच असावं, असा माझा कयास आहे.

‘पायी’ राहिलं. दारूपायी संसार जातो, “तुझ्यापायी मी किती सोसलं” म्हणतात. ‘पायी’ आलं की किंमत मोजलेली असते. २०१५च्या पुढच्या भागात लारा सायबेरियात जाते ती हेटाळणी वाट्याला आलेल्या वडिलांखातर, अजून ‘पायी’ नाही. २०१८च्या ‘शॅडो’ या भागात मात्र ती शत्रूच्या आधी एक प्राचीन खंजीर उचलते, त्यामुळे समुद्र मेक्सिकोतल्या कोझुमेलवर चालून येतो, माणसं वाहून जातात, आणि सगळ्याचा भार ती स्वतःवर घेऊ लागते तेव्हा तिचा मित्र जोना तिला खडसावतो की सगळं तुझ्याभोवती फिरत नाही. ध्यासापायी, हट्टापायी. तो खेळ इतर बाबतीत मला फिका वाटला, पण हे अव्यय वापरण्याचं धाडस आधीच्या दोन्ही भागांनी केलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या वाक्यातून प्रेरणाही काढा आणि मित्राचा हेतूही. तुम्हाला म्हणायचंय ते मी असं लिहीन: “लारा हे सगळं सॅमसाठी करते हे कळतं, पण भीतीपोटी पहिली गोळी झाडणारी ही मुलगी पुढची शंभर माणसं कशापोटी मारते, हे खेळ दाखवत नाही.”