नऊशे कॉमेंट आणि बार्शीच्या काकू

*ताई, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलाने मोबाइलला स्टँड लावून दिला आणि मी रेसिपीचं यूट्यूब चॅनल सुरू केलं. तेव्हा व्हिडिओला पंधरा-वीस कॉमेंट यायच्या, प्रत्येकीला उत्तर द्यायचे. या दिवाळीत अनारशांच्या व्हिडिओवर नऊशेच्या वर आल्या. रात्री दीड-दीड वाजेपर्यंत उत्तरं लिहीत बसते, तरी संपत नाहीत. मिस्टर चिडतात. मुलगा म्हणतो, एआयला सांग, ते सगळ्यांना धन्यवाद लिहील. पहिल्या व्हिडिओपासून बघणाऱ्या बार्शीच्या एका काकूंनी लिहिलं, ‘आता मोठ्या झालात, आम्हाला कुठे ओळखणार.’ वाचून रडू आलं. शिवाय एक माणूस दर व्हिडिओखाली माझ्या साडीवर, बांगड्यांवर नको ते लिहितो. कॉमेंट बंदच करून टाकू का? – एक गृहिणी, सांगली जिल्हा*

ताई,

कॉमेंट बंद करू नका. जागरण मात्र आजपासून बंद करा.

पत्रासोबत तुम्ही पंचवीस-तीस कॉमेंट आणि त्यांची उत्तरं उतरवून पाठवलीत, ती मी दोनदा वाचली. ‘मस्त’, ‘खूप छान ताई’, जोडलेले हात, फुलं. आणि मधेच एक: ‘ताई, माझे अनारसे तुपात हसले, काय चुकलं असेल?’ तिच्याखाली तुमचं उत्तर आहे, ‘मनापासून धन्यवाद ताई’.

तुम्ही ती कॉमेंट वाचलीच नाहीत. रात्री दीड वाजता कोण वाचू शकेल? पण त्या बाईने तीन दिवस रोज पाणी बदलून तांदूळ भिजवले असतील, वाळवून दळले असतील, गूळ घालून पीठ मुरवलं असेल. खसखशीवर थापलेला अनारसा कढईत सोडला आणि त्याचा चुरा वर तरंगला, तेव्हा तिने मोबाइल हातात घेऊन तुम्हाला विचारलं. तिला एक ओळ हवी होती: गूळ जास्त झाला असेल, पिठात थोडी तांदळाची पिठी मळा आणि आधी एकच लहानसा तळून बघा. उरलेलं पीठ वाचलं असतं. ही एक ओळ तुमच्या त्या रात्रीच्या सगळ्या ‘धन्यवाद’पेक्षा मोलाची होती, आणि ती द्यायला तुमच्याइतकं योग्य दुसरं कोणी नव्हतं.

म्हणून माझं मत असं आहे, की विचारणाऱ्याला उत्तर द्या. कौतुक करणाऱ्याची फक्त दखल घेतलीत तरी पुरे.

आपल्याकडे हळदीकुंकवाला पन्नास बायका येतात. घरची बाई प्रत्येकीला हळदकुंकू लावते, वाण देते, पण प्रत्येकीजवळ बसून गप्पा मारत नाही, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. यूट्यूबवर कॉमेंटखाली ते लाल बदाम आहे ना, ते तुमचं हळदकुंकू. तुम्ही ते दाबलंत की लिहिणारीला तसं कळतं. ‘छान’, ‘मस्त’ला तेवढं भरपूर झालं. मी लहानपणी रेडिओच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड टाकायची. निवेदिका एका दमात दहा-बारा नावं वाचायची, गावासकट. त्यात आपलं नाव आलं की आठवडाभर मी हवेत असायची. मला कुणी स्वतंत्र पत्र लिहिलं नव्हतं, तरी आपलं कार्ड कुणीतरी हातात धरलं एवढं कळायचं.

आता प्रश्न. यूट्यूब स्टुडिओत कॉमेंटच्या पानावर फिल्टर आहे. त्यात प्रश्न असलेल्या कॉमेंट वेगळ्या काढता येतात, आणि तुम्ही अजून उत्तर न दिलेल्याही. नऊशेतून बहुधा साठ-सत्तर उरतील, आणि त्यातले निम्मे एकच गोष्ट विचारत असतील: साखरेचे करता येतात का, पीठ किती दिवस टिकतं, अनारसे का हसतात. या सगळ्यांची उत्तरं मिळून एक कॉमेंट स्वतः लिहा आणि ती पिन करा, म्हणजे ती सगळ्यांत वर राहील. उरलेल्यांना दुपारी चहा झाल्यावर अर्धा तास द्या. अर्ध्या तासात बसतील तेवढीच उत्तरं. राहिलेली उद्या.

मुलाचा हेतू चांगला आहे, त्याला रागावू नका. पण नाही म्हणा. ‘माझी आई गेली, ती असेच अनारसे करायची’ असं कुणी लिहिलं आणि तुमच्या नावाने यंत्राने त्याखाली गोडगोड धन्यवाद टाकले, तर त्या माणसाला काय वाटेल? अशा कॉमेंटला उशीर झाला तरी चालेल, पण उत्तर तुमचं हवं.

आता साडी-बांगड्यांवर नको ते लिहिणाऱ्या त्या माणसाबद्दल. त्याला एका शब्दानेही उत्तर देऊ नका, रागाचं तर नाहीच. त्याला तेच हवं असतं. आधी त्याच्या सगळ्या कॉमेंटचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून मुलाकडे ठेवा. मग त्याला चॅनलवरून ‘हाइड’ करा. त्याने लिहिलेलं कुणालाच दिसणार नाही, आणि तसं केल्याची सूचनाही त्याला जात नाही. सेटिंगमध्ये नको त्या शब्दांची यादी टाकता येते, मराठी शब्दसुद्धा. तो दुसऱ्या नावाने आला किंवा मेसेज करू लागला, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. बाईला नको आहे हे स्पष्ट दिसत असतानाही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. आणि साडी बदलू नका, बांगड्या काढू नका. मला हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

कॉमेंटवर नजर ठेवायचं आणखी एक कारण आहे. मोठ्या चॅनलखाली भामटे त्याच चॅनलचं नाव आणि फोटो लावून बघणाऱ्यांना उत्तर देतात, ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, व्हॉट्सअॅपवर या’. तुमच्या नावावर विश्वास ठेवून एखादी आजी फसेल. असं दिसलं की लगेच काढून टाका, रिपोर्ट करा, आणि पिन केलेल्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवा की मी कुणाकडे पैसे किंवा ओटीपी मागत नाही. कुणाचे पैसे गेलेच, तर तिला ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

आता बार्शीच्या काकू. त्या तुमच्यावर रुसल्यात, आणि रुसतं ते आपलं माणूस. त्यांना ‘वेळ मिळत नाही’ असं लिहू नका. त्यांच्या जुन्या कॉमेंट शोधा. पहिल्या वर्षी त्यांनी तुम्हाला काहीतरी सुचवलं असणार, तिखट कमी घाला, कॅमेरा कढईच्या जवळ आणा. ते शोधून काढा आणि आज दुपारी सगळ्यांत आधी त्यांना लिहा: ‘काकू, तुम्ही तेव्हा सांगितलंत तसंच मी अजून करते. यंदा तुमचे अनारसे कसे झाले?’