अंगणातली करवंदं: पहिल्या वर्षी एवढंच करा

ताई, झाड लदलंय म्हणून लोणचं, मुरंबा, सरबत सगळं एकदम काढू नका. पावसाळ्यात पिकणारी आपली ही गुलाबी-पांढरी करवंदं डोंगरच्या काळ्या मैनेसारखी गोड नसतात. नुसती खायची आशा सोडा.

आधी चटणी. कच्ची करवंदं, हिरवी मिरची, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मीठ, गुळाचा खडा. उभी चिरून बिया मात्र काढा, मिक्सरमध्ये वाटल्या गेल्या की कडवटपणा येतो.

नवीन माणूस हमखास इथे चुकतो:

- देठ तोडला की पांढरा चीक येतो, बोटांना आणि सुरीला चिकटून बसतो. हाताला तेल लावा, फळं थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवा.
- जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, नको, आंबटाने धातू उतरतो. स्टीलचा घ्या.
- साखर घाईने घालू नका. फळ आधी पाण्यात मऊ शिजू द्या, नाहीतर साल चामट राहते.

चटणी जमली की जेली करा. त्यासाठी अर्धवट पिकलेली लालसर फळं तोडा, त्यांत पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, जास्त असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. केकवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा करवंदच असते, रंगवून पाकात मुरवलेली! पण तो खटाटोप पुढच्या हंगामात. आणि तोडताना काटे सांभाळा, जोडीने असतात.