प्रॅक्टिसला सगळं येतं, मॅचला आवाजच फुटत नाही

"मॅडम, घरी सगळं येतंय हो, ऐनवेळी काय होतं कळत नाही." हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतेय, आणि जून-जुलैमध्ये तर बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून तीनदा तरी. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची मुलगी म्हणते पेपर हातात पडला की डेरिव्हेशनची पहिली ओळच पुसली जाते, भरतीची तयारी करणारा कंग्राळीचा मुलगा रोज १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतो आणि भरतीच्या दिवशी पहिल्या राउंडलाच त्याचे पाय गळतात, इंजिनिअरिंगवाल्याची जीभ व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, टाळ्याला चिकटते. मग आईवडील विचारतात, हा आळस आहे, तयारी कमी पडतेय, की कुणाची नजर लागलीय? म्हणून म्हटलं एकेकाला तेच सांगण्यापेक्षा एका गोलकीपरची गोष्ट लिहावी. त्याची परवानगी घेतलीय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. आपण त्याला परशा म्हणू.

परशा खानापूर तालुक्यातला, शाळा गावातली आणि मराठी. डिग्रीसाठी बेळगावला, रोज बसनं येऊन-जाऊन. कॉलेज लहान, फुटबॉल टीम त्याहून लहान, सगळी मिळून सोळा पोरं, ग्राउंड लाल मातीचं, पाऊस लागला की गुडघाभर चिखल. फिजिकल डायरेक्टर सर स्वतःच त्याला घेऊन आले. म्हणाले, "पोरगं मांजरागत उडी मारतंय, प्रॅक्टिसला गोल होऊ देत नाही, पण मॅचला मुकं होतंय. झोनल स्पर्धेला दीड महिना राहिलाय आणि माझ्याकडं दुसरा कीपर नाही."

मुकं होतंय म्हणजे खरंच मुकं. फुटबॉल बघणाऱ्यांना माहीत आहे, कीपर हा एकटाच असा खेळाडू की ज्याला अख्खं मैदान समोर दिसतं. डिफेंडरची पाठ गोलकडे असते, मागून कोण येतंय ते त्यांना कीपरच्या तोंडूनच कळतं. सव्वासात मीटर रुंदीचा गोल एकटा माणूस हातांनी किती राखणार, तो अर्धा आवाजावरच राखायचा असतो. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत शेवटची पाच मिनिटं राहिलेली, गोल कुणाचाच नाही, आणि एक उंच बॉल आला. परशा पुढे आला, स्टॉपर म्हणजे मधला डिफेंडर, तोही मागे सरकला, दोघंही बोलले नाहीत, धडकले, बॉल सुटला आणि समोरच्या पोरानं नुसता पाय लावला. एक शून्य. सीझन तिथंच संपला.

पहिल्या भेटीत मी विचारलं, त्या बॉलला नक्की काय झालं?

"मॅडम, बॉल वरनं येऊलाय ते मला दिसलं. माझाच होता. मी पुढं गेलो. पण आवाज दिलो नाही."

"का रे?"

"काय म्हणून देऊ?"

मी ते वहीत लिहिलं आणि पुढे गेले. मला वाटलं तो म्हणतोय कशासाठी देऊ, कोण ऐकतंय माझं. म्हणजे टीमवर राग आहे, स्टॉपरशी काही बिनसलंय, असं धरून मी दोन भेटी त्याच वाटेनं गेले आणि हाताला काही लागलं नाही. आठ सेकंदांचा नवा नियम आलाय, कीपरनं बॉल जास्त वेळ हातात धरला तर कॉर्नर जातो, शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटं मोजतो, त्याचं टेन्शन येतं, असंही तो सांगत होता. ते खरं होतं, पण मूळ ते नव्हतं. तिसऱ्या भेटीत बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, त्याची बस चुकलेली, त्यामुळे घाई नव्हती. मी जुनी वही चाळत होते आणि ते वाक्य परत मोठ्यानं वाचलं. काय म्हणून देऊ. आणि मला एकदम वेगळंच ऐकू आलं.

मी विचारलं, "परशा, म्हणजे कुठला शब्द म्हणून देऊ, असं होय?"

त्यानं मान खाली घातली आणि मग जे सांगितलं ते बहुतेक कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचा स्टॉपर बैलहोंगलकडचा, घरी फक्त कन्नड. लेफ्ट बॅक कॅम्पातला, उर्दू-हिंदी. आणखी चार-पाच मराठी. फर्स्ट इयरला पहिल्याच प्रॅक्टिस मॅचला परशा स्टॉपरला "बिडो" म्हणून ओरडला, म्हणजे सोड, मला येऊ दे. पण तो सूर असा काही लागला की सगळी टीम हसली, आणि आठवडाभर त्याचं नावच बिडो पडलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पोरं चार दिवसांत विसरलीही. परशाचं तोंड मात्र तेव्हापासून बंद. वर्गात हात वर करत नाही, कँटीनमध्ये वड्याकडे बोट दाखवतो. प्रॅक्टिसला चालून जायचं कारण तिथं बॉल रोजचे, ठरलेले, न बोलताही जमतं. मॅचला समोरची टीम नवी, बॉल कुठूनही येतो, तिथं बोललं नाही की संपलं.

आपल्या ह्या सीमाभागात अशी पोरं मी खूप बघते. लोक लगेच त्यात राजकारण बघतात, पण पोराच्या पोटातली गोष्ट साधी असते, मी बोललो तर हसतील. कन्नड शाळेतनं आलेलं पोर मराठी गल्लीत गेलं की त्याचंही हेच होतं.

मग मी त्याला टोकापर्यंत नेलं.

"समज हसले. मग?"

"गावठी म्हणतील."

"म्हटले. मग?"

"मग परत नाव पाडतील."

"पाडलं. मग काय होईल?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मग काय नाही मॅडम. पण हसायलाच नाही पाहिजेत."

हा जो 'च' आहे ना, माझं अर्धं आयुष्य ह्या एका अक्षरामागे गेलंय. हसू नयेत असं वाटणं ठीक आहे, कुणाला आवडतं? पण हसायलाच नाही पाहिजेत म्हटलं की दुसऱ्याच्या तोंडावर आपण पहारा बसवतो, आणि तो पहारा देता देता बॉल कुठनं येतोय ते दिसत नाही. पेपरला पहिला प्रश्न आलाच पाहिजे, भरतीत आत्ताच झालं पाहिजे, सगळीकडे तोच 'च'. मी ज्यांच्या विचारावर काम करायला शिकले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्यांचा सगळा भर ह्याच्यावर. ते स्वतः एकोणीस वर्षांचे असताना बायकांशी बोलायला घाबरायचे, तर न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन महिनाभरात शंभरेक अनोळखी बायकांशी बोलले. फक्त एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती पण आली नाही. पण भीती गेली, कारण शंभरदा नकार मिळून काही बिघडलं नाही हे अंगाला कळलं. परशाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोकळं हसला.

पुढे हेच एलिस त्यांच्याकडे उपचाराला येणाऱ्या लोकांना ट्रेनमध्ये स्टेशनांची नावं मोठ्यानं ओरडायला लावायचे. मी म्हटलं, तुझी रोजची खानापूर बस आहेच की. उद्या संध्याकाळी प्रत्येक स्टॉपला नाव ओरडायचं. कुणाला त्रास द्यायचा नाही, चेष्टा करायची नाही, फक्त नाव, मागच्या सीटपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं. त्याचा चेहरा पांढरा पडला. पण पोरगं शब्दाचं पक्कं.

पुढच्या आठवड्यात आला तो दारातूनच बोलत आला, असा तो आधी कधी आला नव्हता. त्याच्याच शब्दात सांगते. "मॅडम, पिरनवाडीला तोंडच उघडलं नाही. मच्छेला बारीक आवाजात म्हणालो, शेजारच्यानं पण ऐकलं नाही. देसूर क्रॉसला डोळे मिटून ओरडलो. सगळी बस वळून बघितली. दोन पोरी हसल्या. कंडक्टर म्हणाला, याकप्पा, नन्न केलसा नी माडतीयेनु? माझं काम तू करतोस काय म्हणून. कान गरम झाले, वाटलं उतरून चालत जावं. पण मनात म्हटलं, हसले, मग? आणि गणेबैलला परत ओरडलो. तर पुढच्या सीटवरची एक म्हातारी दचकून उठली, पिशवी घेतली, आणि उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवली. म्हणाली, बरं झालं बाळा ओरडलास, डोळा लागलेला, खानापूरलाच गेले असते."

हे सांगताना त्याचे डोळे भरले आणि खरं सांगते, माझेही. मी त्याला हे शिकवायला पाठवलं होतं की लोक हसले तरी काही बिघडत नाही. तो त्याच्याही पुढचं शिकून आला, की आपला आवाज कुणाच्या तरी कामाचा असतो. आजवर तो ओरडण्याकडे स्वतःची परीक्षा म्हणून बघत होता, मी कसा दिसेन, कसा ऐकू येईन. त्या म्हातारीला त्याच्या सुराशी काही देणंघेणं नव्हतं, तिला गणेबैल पाहिजे होतं. आणि स्टॉपरला तरी दुसरं काय पाहिजे असतं! एवढ्या वर्षांत शेकडो पोरांना मी गृहपाठ दिले, इतकं पुरेपूर फळ क्वचित हाताला लागलं.

मग एकदा मी त्यांच्या ग्राउंडवर गेले. पावसामुळे सोळाच्या सोळा पोरं शेडखाली. परशानं स्वतः सगळ्यांना बिडोची गोष्ट सांगितली. स्टॉपरला आठवतच नव्हतं, तो खजील झाला, आणि म्हणाला कुठल्याही भाषेत ओरड पण ओरड, ओरड म्हणायला ते ओदरु म्हणतात. तिथल्या तिथं शब्द ठरले. कीपरचा बॉल असला की 'कीपर', मागे माणूस असला की 'हिंद', म्हणजे कन्नडमध्ये मागे, लांब मारायचा तर 'उडव'. सरांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. प्रॅक्टिसला गोलमागे वीसेक पोरं उभी करा आणि त्यांना हवा तसा गोंगाट करू द्या. आणि कीपरनं ओरडून चूक केली तर रागवायचं नाही, न ओरडता बॉल बरोबर धरला तर थांबवून परत घ्यायचा. दुसरी गोष्ट सरांना पचायला जड गेली, पण केली त्यांनी.

आता ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांच्यासाठी. घरी येतं आणि तिथं येत नाही, ह्याचा अर्थ तयारी कमी आहे असा बहुतेक वेळा नसतो. घरी चूक चालते आणि तिथं चालत नाही, एवढाच फरक असतो. म्हणून आणखी चार तास बसवून उपयोग नाही. थोडा गोंगाट घरात आणा. पेपर सोडवायचा तर बेडवर नको, लायब्ररीत घड्याळ लावून, शेजारी अनोळखी माणूस बसलेला असताना. भरतीवाल्यांनी एकट्यानं पहाटे पळायचं थोडं कमी करून आठवड्यातून एकदा दहाजणांच्या घोळक्यात, कुणीतरी शिट्टी मारणारा उभा करून पळावं. व्हायवावाल्यानं उत्तर मनात म्हणू नये, आजीला मोठ्यानं सांगावं, तिला कळलं नाही तरी चालेल. आणि टेन्शन घेऊ नको हे वाक्य तेवढं बंद करा, त्यानं पोराला एवढंच कळतं की टेन्शन आलं ही पण आपलीच चूक. त्याऐवजी विचारा, समज नाही जमलं, मग काय होईल? आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मधे बोलू नका. आईवडिलांना हे सगळ्यात अवघड जातं.

एक मात्र आहे. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवण तुटलं असेल, छातीत धडधडून जीव घाबरत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर हे असले गृहपाठ घरी करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. १४४१६ ह्या टेलिमानसच्या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं.

परवा परशाचा फोन आला, आधी मी ओळखलंच नाही, आवाज पार बसलेला. "मॅडम, मंगळवारी पहिली मॅच आहे. ओरडून ओरडून घसा गेलाय. काय करू?"

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर आणि सोमवारपर्यंत कुणाशी बोलू नकोस, म्हटलं.